अक्षरांचे तळे खुले झाले. पाणी कोण पिणार?

१४ एप्रिल जवळ आला की गंगापूर, लासूर स्टेशन, वाळूज, शेंदुरवादा या गावांतल्या फ्लेक्सच्या दुकानांत रात्रीचा दिवस होतो. संगणकासमोर बसलेली पोरे बहुतेक आपल्याच वस्त्यांतली असतात. कोणी आयटीआय केलेला, कोणी वाळूजच्या कंपनीतले कंत्राट संपल्यावर इकडे वळलेला. जयंती मंडळाचा मजकूर व्हॉट्सॲपवर येतो. पोरगा तो उचलून आपल्या जुन्या कोरल ड्रॉमध्ये टाकतो आणि 'मिलिंद' या शब्दाची वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन चिकटते. 'बहिष्कृत'मधला 'ष्कृ' फुटून तीन तुकडे होतात. मग तो मजकूर कन्व्हर्टरमधून काढायचा, जुन्या फाँटात बसवायचा, नाहीतर सगळाच्या सगळा पुन्हा हाताने टाइप करायचा. रात्री दोनच्या सुमाराला एखादा रफार निसटतो. सकाळी फ्लेक्स चौकात लागतो आणि शहाणीसुरती माणसे हसतात: "एवढेही लिहिता येत नाही, आणि हे म्हणे बाबासाहेबांचे वारसदार!"

आमचे म्हणणे असे की, चूक त्या पोराची नाही. त्याच्या हातात दिलेले हत्यार मराठीसाठी घडवलेलेच नाही, आणि ज्या हत्याराने हे काम बिनचूक होते ते फुकट व खुले असूनही त्याच्यापर्यंत पोचलेले नाही. अग्रलेखाच्या जागेत संगणकाच्या अक्षरांची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी थोडे मागे वळून पाहावे.

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नाही, ही गोष्ट चळवळीतल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. त्यातून बाबासाहेबांनी काय बोध घेतला? दुसऱ्याच्या छापखान्याच्या दारात ताटकळत उभे राहून मुक्यांना वाचा फुटत नाही, हा. 'बहिष्कृत भारत' निघाला १९२७ साली, 'जनता' १९३० साली, 'प्रबुद्ध भारत' १९५६ साली. या काळात त्यांनी भारतभूषण हा स्वतःचा छापखाना उभा केला. पुढे त्याचेच नाव बुद्धभूषण झाले. खिळे, यंत्र, कागद आणि ते चालवणारी माणसे या सगळ्यांचा हिशेब बॅरिस्टर आंबेडकर स्वतः ठेवत होते. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन पाडण्यात आले, त्यात बुद्धभूषण छापखानाही गेला. त्या वेळी रस्त्यावर उतरलेला समाज चार भिंतींसाठी रडत नव्हता. आपल्या अक्षरांची मालकी कोणीतरी बुलडोझरखाली घालतो आहे, हे त्याला कळत होते.

आज खिळ्यांचा छापखाना राहिला नाही. आजचा छापखाना प्रोग्रामच्या ओळींत आहे. 'भीम' हा शब्द मोबाइलच्या पडद्यावर, बँकेच्या पावतीवर, जातप्रमाणपत्रावर किंवा फ्लेक्सवर कसा दिसेल हे त्या ओळी ठरवतात. म्हणून त्या ओळी कोणाच्या, हा प्रश्न आम्हाला छापखान्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आता थोडे त्या यंत्राच्या पोटात शिरू. इंग्रजीचे काम सोपे असते. ए नंतर बी टाइप केला की एच्या शेजारी बी बसतो. मराठीचे तसे नाही. 'मि' लिहिताना आधी म आणि मग वेलांटी टाइप होते, पण डोळ्यांना वेलांटी आधी दिसली पाहिजे. 'धर्म'मधला र टाइप होतो म च्या आधी आणि दिसतो म च्या डोक्यावर. 'प्रबुद्ध'मधला द आणि ध एकमेकांत मिसळून तिसराच आकार तयार होतो. संगणकाच्या स्मरणात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात. पडद्यावर ती लेखनाच्या रीतीने मांडावी लागतात. ही मांडणी करणारा एक प्रोग्राम मध्ये बसलेला असतो. तो अक्षरांचे गट पाडतो, वेलांटी पुढे आणतो, रफार वर चढवतो, फाँटातून नेमके जोडाक्षर शोधतो आणि काना-मात्रा जागच्या जागी बसवतो. त्यानंतर दुसरा प्रोग्राम त्या आकारांच्या रेषांचे ठिपके करतो आणि तिसरा ते ठिपके पडद्यावर रंगवतो. या साखळीतली एक कडी जरी मराठी जाणत नसली तरी 'मिलिंद'चा विचका होतो.

नव्वदच्या दशकात ही साखळीच नव्हती. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी आणि सरकारी सी-डॅकने त्यावर तोडगा काढला होता. इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवायचे, असा तो तोडगा. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठलेले असे इंग्रजी अक्षरांचे कडबोळे. प्रत्येक कंपनीचा खण वेगळा, त्यामुळे एका कंपनीच्या फाँटातला लेख दुसरीच्या फाँटात उघडला की कचरा. या तोडग्याने मराठी वृत्तपत्रे संगणकावर आली, तेवढे ऋण आम्ही मान्य करतो. परंतु त्याची किंमतही मोठी आहे. त्या काळात आंबेडकरी चळवळीची कितीतरी साप्ताहिके, मासिके, जयंती विशेषांक, धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिका पेजमेकरमध्ये जुळवल्या गेल्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, नंतर ते बंदच पडले. त्या फायली आज ज्या सीडींवर आणि जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहेत, त्यांत 'आंबेडकर' हा शब्द शोधला तर संगणक सांगतो की असा शब्दच नाही! ज्या समाजाचा इतिहास आधीच पुसला गेला होता, त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला इतिहासही पुन्हा न वाचता येण्याजोगा झाला. ही काय लहान गोष्ट आहे?

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. त्यात देवनागरीला स्वतःचे खण मिळाले. परंतु खण मिळणे वेगळे आणि त्या खणांतले अक्षर पडद्यावर नीट उमटणे वेगळे. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० मध्ये भारतीय लिप्यांची मांडणी आणली आणि त्यासोबत प्रा. र. कृ. जोशी यांनी आखलेला 'मंगल' हा फाँट दिला. काम उत्तम होते, पण ते त्या कंपनीच्या कुलपात होते. तो कोड कोणी पाहू शकत नव्हते, सुधारू शकत नव्हते, दुसऱ्या यंत्रावर नेऊ शकत नव्हते.

त्याच सुमाराला एक वेगळी वाट निघाली होती. १९९६ साली फ्रीटाइप नावाचा प्रकल्प सुरू झाला. फाँटातील आकारांचे ठिपके करणे हे त्याचे काम आणि त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला. त्यात जोडाक्षरांसारख्या अवघड मांडणीचाही काही कोड होता. तो कोड पँगो या प्रकल्पाने उचलला आणि क्यूटी या प्रकल्पानेही उचलला. दोघांनी आपापल्या घरी त्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या. परिणाम असा की, इकडे सुधारलेली चूक तिकडे तशीच राही. गावकीची विहीर सोडून दोघा भावांनी आपापल्या अंगणात आड खणावेत आणि दोघांच्याही आडाला पाणी कमी पडावे, तसला प्रकार. अखेर दोन्ही बाजूंची माणसे एकत्र आली आणि तो कोड एका ठिकाणी आणला गेला. त्याचे नाव 'हार्फबझ'. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फहबोद यांनी पुढे तो जवळजवळ नव्याने लिहून काढला.

या नावाबद्दल मराठवाड्याच्या वाचकाला दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. 'हर्फ' म्हणजे अक्षर. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाचा होता, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनीचे व शाळेचे कागद उर्दूत होते. 'हर्फ' हा शब्द गंगापूरच्या म्हाताऱ्यांना परका नाही. 'बाज' म्हणजे उघडे, खुले. इंग्रजीत ज्या पद्धतीला ओपनटाइप म्हणतात तिचे हे फारसी नामकरण, 'खुले अक्षर'. हाच एक कोड उर्दूही मांडतो, मराठीही मांडतो, आणि २०१४ साली युनिकोडमध्ये आलेली मोडीही मांडतो. अनुसूचित जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधत फिरणाऱ्या आमच्या पोरांना उर्दू आणि मोडी या दोन लिप्यांशी गाठ पडल्याशिवाय राहत नाही, हे ज्याने तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या त्याला सांगायला नको.

आज हा एकच कोड किती ठिकाणी राबतो पाहा. अँड्रॉइड मोबाइलमध्ये तो आहे. क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे. लिबरऑफिसने २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही ठिकाणी अक्षरांची मांडणी त्याच्याकडे सोपवली. तोपर्यंत तीन यंत्रांवर तीन वेगवेगळे कोड होते आणि एकाच मराठी अर्जाच्या ओळी तीन ठिकाणी तीन तऱ्हेने तुटत होत्या. इतकेच काय, महिन्याला भाडे घेणाऱ्या अडोबी कंपनीच्या फोटोशॉप व इलस्ट्रेटरमध्येही हाच फुकटचा कोड आहे. रंगवण्याच्या कामासाठी असाच 'स्किया' हा कोड आहे. गुगलने तो २००५ साली एक छोटी कंपनी विकत घेऊन मिळवला आणि पुढे खुला केला. तो क्रोममध्ये चालतो, अँड्रॉइडमध्ये चालतो आणि २०२० पासून लिबरऑफिसमध्येही वापरला जातो. म्हणजे एकदा लिहिलेला, एकदा तपासलेला कोड एका यंत्रावरून दुसऱ्यावर, एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जातो. 'शेतकऱ्यांना' या शब्दाची चूक एका ठिकाणी सुधारली की ती कोट्यवधी मोबाइलवर सुधारते. चूक राहिली तर तीही तितक्याच मोबाइलवर राहते, हे ओघाने आलेच.

तरी मराठीच्या वाट्याला यात दुय्यम जागा आली आहे, आणि याबद्दल आमची तक्रार आहे. देवनागरी म्हटले की जगाला हिंदी दिसते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक हिंदीला लागत नाही. आचार्यांना निमंत्रण देणे आणि आचाऱ्यांना निमंत्रण देणे यांतला फरक मराठी माणसालाच कळतो! पापणीसारखा हा आडवा र टाइप करण्याच्या दोन पद्धती प्रचलित झाल्या. एकीत खाली टिंब असलेला वेगळा र वापरतात. दुसरीत साधा र, त्याचा पाय मोडलेला आणि पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एखाद्या कार्यालयाने आडनाव एका पद्धतीने नोंदवले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने, तर शोधताना माणूस सापडत नाही. खिडकीमागचा कारकून सांगतो, "तुमचे नाव यादीत नाही." शिष्यवृत्तीच्या आणि घरकुलाच्या यादीत नाव नसण्याचा अर्थ काय होतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये यायला २००८ साल उजाडले. तोपर्यंत 'ॲडव्होकेट' लिहिण्यासाठी कसरत करावी लागे. ल आणि श यांचे मराठी वळण वेगळे आहे आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ते प्रमाण ठरवले. फाँटात मराठी वळणाची सोय करता येते. तशी ती काही फाँटांत आहेही. परंतु मजकूर मराठी आहे असे प्रोग्रामला सांगावे लागते. ते सांगण्याची तसदी सरकारी संकेतस्थळेसुद्धा क्वचितच घेतात, त्यामुळे शासनाचाच निर्णय शासनाच्याच पडद्यावर मोडला जातो. आम्ही भाषिक अस्मितेचे ढोल बडवणाऱ्यांपैकी नाही. पण दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्या पुढाऱ्यांना एवढे विचारावेसे वाटते की, हे काम कोणाचे होते?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कोड खुला आहे, फुकट आहे, कोणीही घ्यावा. मग गंगापूरच्या पोराच्या संगणकावर तो का नाही?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. तीन वर्षे एकही अस्पृश्य त्या काठावर गेला नाही, कारण जाण्याची वाट खुली नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंना घेऊन काठावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा ते तळे खऱ्या अर्थाने खुले झाले. त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला, आणि पुढचा झगडा कोर्टात १९३७ सालापर्यंत चालला.

ओपन सोर्सची आजची अवस्था आम्हाला बोले ठरावासारखी दिसते. परवाना सांगतो, या आणि घ्या. पण काठापर्यंतची वाट इंग्रजीतून जाते. सूचना इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, चूक कळवायची तर इंग्रजीत. रिकामा वेळ हवा, बरा संगणक हवा, अखंड वीज हवी, आणि "हे आपल्यासारख्याचे काम आहे" असे सांगणारा एखादा तरी माणूस जवळ हवा. त्या जगातले लोक मोठ्या अभिमानाने सांगतात की, इथे कोणी जात विचारत नाही, फक्त कोडची गुणवत्ता पाहतो. आम्ही हे वाक्य पूर्वीही ऐकले आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी ऐकले, नोकरभरतीच्या वेळी ऐकले. काठावर पोचलेल्यांना कोणी अडवत नाही हे खरे मानले, तरी काठावर कोण पोचले हे मोजायला नको काय?

एका बाबतीत मात्र हे तळे चवदार तळ्यापेक्षा भक्कम आहे. इथे नगरपालिकेला ठराव मागे घेता येत नाही. एकदा खुल्या परवान्याखाली दिलेला कोड दिलेला राहतो. उद्या मालक कंपनीने पुढची आवृत्ती कुलपात घातली तरी आधीची आवृत्ती घेऊन कोणीही पुढे चालू शकतो. या परवान्यांतही दोन कुळे आहेत, हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे. हार्फबझचा परवाना उदार आहे. घ्या, वापरा, परत काही देण्याची सक्ती नाही. म्हणूनच बड्या कंपन्यांनी तो आनंदाने घेतला. दुसरे कूळ जीपीएलचे, १९८९ सालचे. ते म्हणते, घ्या, सुधारा, पण सुधारलेले वाटायचे असेल तर तेही खुलेच ठेवले पाहिजे. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. सार्वजनिक श्रमातून उभे राहिलेले धन खाजगी तिजोरीत जाऊ नये, हा विचार आम्हाला नवा नाही. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मांडणी केली. भाषेची अक्षरे पडद्यावर आणणे हा आजच्या काळात रस्ता आणि वीज यांच्याइतकाच मूलभूत उद्योग आहे. तो परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर सोडून देणारे सरकार स्वतःला सार्वभौम कसे म्हणवते?

वाट काढता येते, याचे उदाहरण केरळात आहे. तिथे २००२ साली 'स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग' हा गट उभा राहिला. त्यातल्या तरुणांनी मलयाळमचे फाँट केले, जोडाक्षरांच्या चुका शोधल्या आणि मांडणीच्या मूळ कोडमध्ये दुरुस्त्या पाठवल्या. राज्य सरकारने शाळांतले संगणक लिनक्सवर नेले. गरीब शाळेतल्या मुलालाही कळले की यंत्राचे झाकण उघडता येते. महाराष्ट्रात काय झाले? पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून 'लोहित' फाँटांची देखभाल झाली, मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्त' व 'बालू' हे खुले फाँट दिले, मुंबईच्या आयआयटीतून 'शोभिका' आला, राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू' दिले. ही सगळी कामे चांगली आहेत आणि आम्ही त्यांचे स्वागतच करतो. पण ती पुणे-मुंबईच्या हद्दीत राहिली. गोदावरीच्या काठापर्यंत आलीच नाहीत.

आमच्या पोरांपर्यंत काय आले? एमएस-सीआयटी! सरकारी नोकरीसाठी लागते म्हणून बापाने कापसाच्या पैशातून फी भरली आणि पोराने शिकले काय, तर एका परदेशी कंपनीचे विंडोज आणि त्याच कंपनीचे ऑफिस. घरी आल्यावर ते विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून चोरीची प्रत. दुकान टाकले तर कोरलचीही चोरीचीच प्रत. उद्या तपासणी झाली तर गुन्हा दाखल होणार त्या पोरावर. केंद्र सरकारने २०१५ साली शासकीय कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, आणि सरकारी पैशाने केलेल्या प्रणालींचा कोड खुला करण्याचेही. त्या धोरणाचा लाभ तालुक्याच्या शाळेपर्यंत का झिरपत नाही, हा प्रश्न आमच्या आमदार-खासदारांनी सभागृहात एकदा तरी विचारावा.

फ्लेक्सच्या दुकानदारांना आम्ही थेट सांगतो. इंकस्केप नावाचा चित्रे आखण्याचा प्रोग्राम आहे, २००३ पासूनचा, पूर्णपणे मोफत. त्यात पँगो आणि हार्फबझ आहेत, म्हणून व्हॉट्सॲपवरचा मराठी मजकूर जसाच्या तसा उतरतो, कन्व्हर्टर लागत नाही. पाने जुळवण्यासाठी स्क्रायबस आहे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.६ या आवृत्तीत मराठी जोडाक्षरे नीट मांडली जातात. आम्ही खोटी भलामणही करणार नाही. इंकस्केपमध्ये छपाईच्या चार रंगांची सोय अजून पक्की नाही. त्यासाठी फाइल स्क्रायबसमध्ये न्यावी लागते. कोरलवर बसलेला हात वळायला महिना-दीड महिना जाईल. नक्षीदार मराठी फाँटांचा जो खजिना जुन्या पद्धतीत आहे, तेवढा खुल्या फाँटांत अजून नाही. जयंतीच्या गर्दीत हा प्रयोग करू नये. पावसाळ्यात, काम मंद असताना करावा.

आणि नागसेनवनाला आमचे वेगळे मागणे आहे. १९५० साली बाबासाहेबांनी मराठवाड्यात महाविद्यालय काढले तेव्हा औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उच्च शिक्षणाची सोय नावालाच होती. ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांची मुले तिथे पदवीधर झाली. मिलिंदसारख्या महाविद्यालयांत आणि आमच्या नामांतरित विद्यापीठात आज संगणकशास्त्र शिकवले जाते. शेवटच्या वर्षाला मुलांना प्रकल्प करावा लागतो. दुकानाचा हिशेब किंवा ग्रंथालयाची नोंद असले तेच ते प्रकल्प मुले बाजारातून विकत आणून सादर करतात, हे प्राध्यापकांनाही ठाऊक असते. त्याऐवजी दरवर्षी दहा मुलांनी मराठी अक्षरांची मांडणी तपासावी. कोणत्या प्रोग्राममध्ये कोणते जोडाक्षर फुटते याची नोंद करावी, कोड उघडून कारण शोधावे, दुरुस्ती पाठवावी. ती स्वीकारली गेली तर गंगापूर-वैजापूरच्या एखाद्या पोरीने सुधारलेली ओळ जगभरच्या मोबाइलवर चालेल. इंग्रजीची भीती असेल तर प्राध्यापकांनी पहिले वर्ष मधे उभे राहून पत्रव्यवहार करावा.

दुसरे काम जुन्या साहित्याचे. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा कॉपीराइट २०१६ साल संपताच संपला. ते लेखन आता सगळ्यांचे आहे. १९७९ पासून राज्य शासन त्यांचे खंड काढत आहे, आणि ते काम इतके रेंगाळले की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. शासनाची वाट पाहण्यात आणखी एक पिढी जाऊ द्यायची का? छापील पानावरून मजकूर ओळखणारा 'टेसरॅक्ट' हा प्रोग्राम २००५ पासून खुला आहे, तो मराठी वाचतो. जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची साधने आहेत. शाहिरांच्या पुस्तिका, गावोगावच्या स्मरणिका, नामांतर लढ्याची पत्रके यांचा खंड कोणतेही शासन काढणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

गंगापूर तालुक्यातल्या बुद्धविहारांच्या समित्यांनी आणि वाचनालयांनी येत्या ३१ जानेवारीपासून सुरुवात करावी, असे आम्ही सुचवतो. घरातल्या पेट्यांत आणि माळ्यावर पडलेले अंक, पत्रके, सीडी विहारात जमा कराव्यात. मूळ कागद मालकाला परत द्यावा. स्कॅन ३०० डीपीआयच्या खाली करू नये, कारण फिकट छपाईतला अनुस्वार त्याखाली वाचता येत नाही. फायलीला अंकाचे नाव आणि तारीख द्यावी. ओळखलेला मजकूर दोघांनी वेगवेगळा तपासावा. आडवा र खाली टिंब असलेल्या र नेच टाइप करायचा, असा नियम पहिल्या दिवशी भिंतीवर लावावा, म्हणजे शोधताना शब्द निसटणार नाहीत. पेजमेकरच्या फायली असलेल्या सीडी आधी हाती घ्याव्यात; वीस-पंचवीस वर्षांच्या सीडी आता उघडेनाशा होत आहेत, कागद अजून काही वर्षे टिकेल.